तो जिवंत होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. देवपुरात लोक मला फौजी नाना म्हणतात, इंजेक्शन घ्यायला माझ्याकडे येतात. नानांचा हात हलका, म्हणतात. त्या हातांबद्दलच—

फौजेत मी जखमींची मलमपट्टी करायचो. एक नियम पाठ करून घेतला होता: जखमी आपला असो की शत्रूचा, ज्याची जखम मोठी त्याला आधी बघायचं. मला तो झोपेतही म्हणता आला असता. मग काय झालं?

त्या सकाळी चकमकीत दिलीप गेला. चोपड्याचा, माझ्याच बराकीतला. माझ्या मांडीवर गेला. दहा पावलांवर शत्रूचा एक जण पडला होता— बंदूक टाकून दिलेली, पोटात गोळी. माझ्या पिशवीत पट्ट्या होत्या, सलाईन होतं. साहेबांनी लांबून विचारलं, "ज़िंदा है क्या?" जिवंत असता तर त्याला उचलणार होते. तो माझ्याकडेच बघत होता.

"नहीं, साहब," मी म्हणालो.

कुणाचा हुकूम नव्हता. मीच म्हणालो.

सुट्टीवर आल्यावर चोपड्याला गेलो. दिलीपच्या आईने, अक्काने, त्याच्या शेवटच्या घटकेबद्दल एवढंच विचारलं, "मना पोऱ्या एकलाच व्हता का रे भाऊ?"

"नही अक्का. मी व्हतू ना."

ती रडली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला— काय म्हणून?

परवा शिंदखेड्याच्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. एका मुलीने विचारलं, लढाईत मारायचंच असतं, तर नियम कशाला? मी काहीतरी माणुसकीबिणुसकी बोललो. टाळ्या पडल्या. खरं उत्तर मला माहीत होतं. भला माणूस नियम नसला तरी पट्टी बांधतो. नियम असतो तो माझ्यासाठी— मांडीवर मित्र गेलेला, पिशवी भरलेली, आणि बघणारं कुणी नाही, त्या घटकेसाठी. त्याच घटकेला मी तो मोडला.

दिलीपचं दुःख होतं म्हणून, असं म्हणू? नाही. दुःख होतंच. पण खोटं मी शांतपणे बोललो होतो.

तो शत्रूचा माणूस दुपारपर्यंत जिवंत होता. बाकीचे पुढे गेले. दिलीपजवळ मी एकटाच थांबलो, त्या माणसाकडे पाठ करून. त्याची भाषा मला कळत होती. तो मलाच हाका मारत होता.