मुलखाचं कर्ज आणि मावशीची वाटी

माझे सासरे कुणाचं काही देणं लागत नसत आणि हे ते दिवसातून तीनदा तरी सांगत. पानाला लावायचा चुनासुद्धा ते दुसऱ्याच्या डबीतला घेत नसत. एकदा नारायणगडाच्या जत्रेत कुणा अनोळखी माणसानं त्यांना तांब्याभर पाणी दिलं, तर हे गर्दीतून त्याच्या मागं धावत सुटले आणि त्याच्या हातात पेरू कोंबूनच थांबले. पेरूवालीला पैसे द्यायचे मात्र विसरले, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गडावर गेले. असल्या माणसाशी सासूबाईंनी तीस वर्षं संसार केला होता. तोंड मिटून केला, असं मात्र कुणी म्हणू नये.

आमचं गाव लिंबागणेशच्या शिवारापलीकडचं. मी तेव्हा सोळा वर्षांची नवी सून. लग्नानंतरची पहिली नागपंचमी जवळ आली होती आणि पहिल्या पंचमीला लेक माहेरी जाते. माझं माहेर उमापूर, बैलगाडीनं दोन दिवसांची वाट. झोपाळा, मेंदी, आईच्या हातची दिंडं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून मी दिवस मोजत होते.

आषाढ सरत आला असताना तहसिलीचा गिरदावर, म्हणजे गावोगाव फिरून पेरण्या बघणारा सरकारी साहेब, आसपासच्या पेरण्या बघून होईस्तोवर आमच्या ओसरीवर मुक्कामाला उतरला. निजाम सरकारच्या नोकरीतला माणूस, त्यामुळं बोलताना अर्धा उर्दू आणि जेवताना पुरता मराठी. पाचवी भाकरी मोडताना तो म्हणाला, "पाटील, आपल्या सरकारवर कर्ज आहे. मालूम आहे का?"

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "कुनाच्या सरकारवर?"

"आपल्याच. रेल्वे बांधायची, तलाव बांधायचे, तर लोकांकडून पैसा घेतात. बदल्यात कागद देतात, कागदावर सालाना व्याज."

"मंग फेडीत कावून न्हाईत?"

"फेडतात ना! जुना कागद फेडायला नवा कागद काढतात."

सासरे ताटावरून उठले. सरकार म्हणजे हिरेमाणकांच्या ढिगावर बसलेलं काहीतरी, अशी त्यांची समजूत होती. ते सरकार उसनवारी करतं! लिंबागणेशच्या गणपतीनं दारात येऊन मोदक उसने मागितले असते, तरी त्यांना एवढा धक्का बसला नसता.

सकाळी त्यांनी गिरदावराला धरलं. मुलूख म्हणजे एक मोठं घरच, मनात आणलं तर वर्षात कर्ज फिटेल, असं त्यांचं म्हणणं. गिरदावर म्हणाला, "नाही पाटील, मुलखाचं कर्ज फिटत नसतं. आजवर फिरत आलंय, फिटलं नाही."

"आमच्या घराकडं बघा की! सुईचंबी देनं न्हाई!"

नेमकी त्याच वेळी परसदारातून शेजारच्या मावशींची हाक आली, "सूनबाई, माझी गुळाची वाटी तेवढी दे गं!"

सासरे माझ्याकडं वळले. गूळ मीच आणला होता, मावशींच्याच वाटीतून, आणि कुणाला सांगायचं राहून गेलं होतं. गिरदावर इतका हसला की त्याची टोपी पडली. मग म्हणाला, "पाटील, पंचमीच्या आत ही एवढी वाटी फेडून दाखवा. फिटली, तर मुलूखही फेडेल, मी हार मानतो."

"फिटली न्हाई तर सून माहेरी जानार न्हाई!" सासरे गरजले.

पैज यांची आणि माहेर माझं! मला असा संताप आला की गिरदावराच्या पिठल्यात मूठभर तिखट घालावंसं वाटलं. घातलंही थोडं. त्यानं मागून खाल्लं.

मी लगेच वाटी गुळानं भरून नेऊन दिली. आता सपाट वाटी परत करणं म्हणजे नाक कापून घेणं, म्हणून वर शीग लावली. संध्याकाळी मावशी हजर. "शीग लई झाली गं," म्हणत वाटीभर शेंगदाणे ठेवून गेल्या. आता शेंगदाणे चढले आणि वाटी पुन्हा आमच्याच घरात. शेजारणीचं भांडं रिकामं धाडायचं नसतं, हे आमच्याकडं पोरींना चालायच्या आधी शिकवतात.

दुसऱ्या दिवशी सासरे स्वतः वाटीवर वाकून बसले. सुरीच्या पात्यानं मी शेंगदाणे सपाट केले, वर आलेले दोन दाणे त्यांनी काढून ठेवले. मावशींनी ती सपाट वाटी बघितली आणि त्यांना आमची दया आली. घरात टंचाई दिसतेय, असं समजून त्यांनी टोपलीभर शेंगा आणून ओतल्या. वर म्हणाल्या, "लाजू नका, आमी हाओत."

सासरे त्या शेंगा मोजत बसले.

मी शेंगांची परतफेड करत गेले, तरी मावशींकडून रोज काही ना काही येतच राहिलं. मला संशय आला. पाळत ठेवली, तर सासूबाई परसातल्या भिंतीवरून तुपाची लोटी पलीकडं देताना सापडल्या.

"आत्याबाई, हे वं काय? माझं माहेर बुडवता का?"

"लाज वाटती गं मला," त्या पुटपुटल्या. "ती देती अन् म्या नुस्तं बघत बसू?"

हे गिरदावराला कळलं, तेव्हा तो गंभीर झाला. म्हणाला, "हैदराबादेतही अशी एक सासूबाई असणार. त्याशिवाय हिशेब असा बिघडत नाही."

पंचमीला चार दिवस उरले आणि भाऊ गाडी घेऊन दारात आला. मावशींची एक वाटी तूरडाळ अजून आमच्यावर होती. मी वाटीत डाळ भरून त्यांच्या घरी गेले आणि उंबऱ्यावर बसून भोकाड पसरलं. पैज, माहेर, सगळं सांगून टाकलं.

"म्हंजी म्या आता काय बी द्यायचं न्हाई?" मावशींनी विचारलं.

"काय बी न्हाई. पंचमी होऊ द्या माझी."

त्यांनी वाटी घेतली. सवयीनं हात फळीवरच्या मडक्याकडं गेला, तो त्यांनी मागं घेतला आणि दोन्ही हात पदराखाली दाबून धरले. मी मोकळ्या हातानं घरी आले. सासऱ्यांनी गिरदावराकडून तीनदा "हारलो" म्हणवून घेतलं आणि मुलखाचं कर्ज कसं फेडावं याचा अर्ज हैदराबादला धाडला. उत्तर आलं नाही, हे आमचं नशीब.

पंधरा दिवसांनी मी परतले, तेव्हा परसदाराला कडी होती. मावशी कशा आहेत, म्हणून मी विचारलं.

"कोन जाने," सासूबाई म्हणाल्या. "तिचं देनं न्हाई, आपलं घेनं न्हाई. मंग जायचं कशाला?"

त्यांचा आवाज असा ओढलेला होता की मलाच अपराध्यासारखं झालं. माझ्या पंचमीपायी या दोघी पंधरा दिवस एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. चूल पेटलेली होती, तव्यावर भाकरी होती. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, भाकरीसकट तवा खाली उतरवला आणि तांब्याभर पाणी चुलीत ओतलं. घरभर धूर झाला.

ओसरीवरून सासरे खोकत ओरडले, "काय झालं गं?"

"इस्तू इझला!" सासूबाईंनी सांगितलं आणि माझ्या हातात शेणी दिली. "जा, मावशीकडून इस्तू घिऊन ये."

मी कडी काढली. मावशी पलीकडं दारातच उभ्या होत्या. एका निखाऱ्यानं भागलं असतं, त्यांनी शेणीवर चार ठेवले आणि "धूर लई हाय गं तुमच्याकडं," म्हणत डोळे पुसले.

मी परत आले, तेव्हा सासरे आत येऊन उभे होते. त्यांनी निखाऱ्यांकडं बघितलं, सासूबाईंकडं बघितलं. आणि विस्तव परत कसा करायचा, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.