बंबाचा आवाज

माझ्या सासूबाई बंब तापला की नाही ते हात लावून पाहत नसत, ऐकत. आसेगावला न्हाणीजवळ आमचा तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत कोळसे, भोवती पाणी. पाणी आधी सूं करी, मग गुरगुरे. गुरगुर ऐकली की सासूबाई उठून थंड पाणी ओतत. मला त्याला हात लावू देत नसत. "बंब बोलते. तुले माणसाचं आयकू येत नाई, बंबाचं काय येईन?" बाई बोलायला तिखट.

दुष्काळ सरल्यावरची दिवाळी. नणंदेचे मालक लग्नानंतर पहिल्यांदाच सणाला आले. जावयासमोर सासूनं बसायचं नाही, म्हणून सासूबाई पदर ओढून, बंबाकडे पाठ करून तूर निवडत बसल्या. जावयांनी तोटी फिरवली आणि वाफेसकट उकळतं पाणी पायावर आलं. पाऊल सोललं.

"जाळाले बोलावलं काय मले?" जावई ओरडले.

"बंबातच खोट आहे," सासूबाई म्हणाल्या. "आतून खार धरला असन."

दुसऱ्या दिवशी तांबट आला. त्यानं नळी ठोकली, तोटी खोलली. "याले काईच झालं नाई. पेटवूनच पाहू."

जावई पाय बांधून खाटेवर. सासूबाई पुन्हा पाठ करून बसलेल्या. बंब सूं करू लागला, गुरगुरला, शेवटी झाकण थडथडायला लागलं. उठून पाणी ओतायचं सोडून आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्या तूर निवडत होत्या.

त्यांनी सहज मान वळवली. "गप काहून बसले सारे? तापला नाई का अजून?"

मग त्यांना वाफ दिसली. सूप खाली ठेवून त्यांनी पदर हनुवटीपर्यंत ओढला. "राहू द्या, मामी," जावई हळूच म्हणाले. तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

त्या दिवसापासून बंब तापवायचं काम माझ्याकडे आलं. सासूबाई मग कोणी काही बोललं की नुसती मान डोलवत. मोठ्यानं बोललं तर भडकत, "मी बहिरी आहे काय?" मरेपर्यंत कबूल केलं नाही.

परवा नातसून न्हाणीघरातून ओरडत होती म्हणे, आजी, गॅसचा गीझर बंद करा. मी दाराशीच बसले होते. ती ओली, लालबुंद होऊन बाहेर आली. काय म्हणाली, ऐकू आलं नाही. तोंड पाहून कळलं. मी मान डोलवली.