दोघांचा भूप

नाकाडोंगरीच्या यादोरावांची अर्धी जिंदगी मँगनीजच्या खाणीत गेली. ठेकेदाराच्या हाताखाली दगडाला भोकं पाडायची, तोंडाला रुमाल बांधून धूळ गिळायची, घरी येऊन काळं थुंकायचं. पावसाळ्यात तळ्याखालच्या बांधीत, म्हणजे खाचरात, धान. आणि सवड मिळाली की पावा. सरळ ओठांत धरून फुंकायचा, सहा भोकांचा बांबूचा पावा. ढोरं चारायच्या वयात हाती आलेला, तो सुटला नव्हता.

तुमसरला एका भजनात चंद्रकुमार सरांनी तो ऐकला. सर शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. म्हणाले, "हात गोड आहे, पण सूर भटकतो. एक राग धरा. भूप धरा. पाचच सूर आहेत, पण एकेक नीट लावावा लागतो."

यादोराव दर रविवारी सरांकडे जाऊ लागले. षड्जावर दम संपेस्तोवर थांबायचं, मग रिषभ. पण त्याच वर्षी दमच आटला. आधी सायकल सुटली, मग बांधीतलं काम. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं, "फुप्फुसात दगडाची धूळ बसली आहे. ती निघत नाही." ठेकेदाराने 'उद्यापासून येऊ नका' असा निरोप धाडला. बस्स.

पावा फुंकला की खोकल्याची उबळ यायची, रक्त पडायचं. तरी खाटेवर बसून त्यांची बोटं नुसत्याच बांबूवर हलत. सुलोचनाबाईंना, त्यांच्या बायकोला, ते पाहवेना. एकदा त्या खाटेपाशी खाली बसल्या, त्यांच्याकडे पाठ करून. पावा स्वतःच्या ओठांशी नेला.

"मी फुकतो. तुमी बोटं ठेवा," त्या म्हणाल्या.

"पागल झाली का? लोक काय म्हणतीन?"

"लोक तुमाले आपला दम देऊन राहिले का?"

यादोरावांनी तिच्या खांद्यांवरून हात पुढे घेतले आणि भोकं झाकली. पहिलाच सूर असा किंचाळला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

"चूल पेटवून राहिली का वो? हळू."

जन्मभर फुंकणीने चूल पेटवलेली बाई; हळू फुंकणं तिला जमायला बरेच दिवस लागले. सूर बदलायचा असला की ते कोपराने तिचा खांदा दाबत, म्हणजे तिने श्वास घ्यायचा. कधी ती दमायची, कधी चिडून उठून जायची. रस्त्यावरच्या बाया हसायच्या. शेजारची जनाबाई तर तोंडावर म्हणाली, "म्हातारपणी कायचे हे थेर!" तरी सुलोचनाबाईंनी फुंकताना दार लोटलं नाही.

दिवाळी झाल्यावर चंद्रकुमार सर घरी आले. दोघांनी भूप वाजवला, चढता आणि उतरता. गंधारावर सूर थोडा हलला. सर म्हणाले, "पुढच्या वेळी गंधारावर अजून थांबा." यादोराव लेकरासारखे हसले आणि खोकत आडवे झाले.

पुढची वेळ आली नाही. थंडीत यादोरावांची नखं निळी पडली, बोटं बधिर झाली. भोकं पुरती झाकली जाईनात, सूर फाटू लागला. सुलोचनाबाई फुंकत राहिल्या. यादोरावांनीच हात काढून घेतले.

"राहू दे. माह्या बोटाईत आता जीव नाई."

"उद्या करू."

"उद्याचं नको सांगू मले."

पुढच्याच आठवड्यात, दवाखान्यात नेताना, जीपमध्येच ते गेले. डोकं सुलोचनाबाईंच्या मांडीवर होतं.

तेरवी झाल्यावर सुलोचनाबाईंनी एकदा पावा घेतला. फुंक अगदी बरोबर पडली. पण धानाची रोपं लावून, रोवणीने वाकडी झालेली त्यांची बोटं भोकांवर बसेनात. भेटायला आलेले सर म्हणाले, "या तुमसरला. बोटं मी शिकवतो." त्या गेल्याही. सरांनी समजावून सांगितलं, त्यांनी दोन-तीनदा करून पाहिलं. मग पावा पदराला पुसून पिशवीत ठेवला.

"सर, हे एकटीचं काम नोहे."

सरांनी चहा ठेवला होता. तो न घेताच त्या बसस्टँडवर आल्या. गावात उन्हाळी धानाची रोवणी लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जनाबाईच्या बांधीत रोवणीला, गार चिखलात उतरल्या.