पोटरीवरचा डाग

वडिलांच्या पोटरीवरचा तो डाग माझ्यामुळे पडला होता, आणि हे मी डॉक्टरांना तीन दिवस सांगितलं नाही.

वडील फौजेतून निवृत्त झालेले. सोनगीरला सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. साखरेचा आजार जुना, विडी त्याहून जुनी. त्या हिवाळ्यात त्यांचा उजवा पाय गार पडू लागला. आमच्याकडे पाय गार पडला की वीट तापवून फडक्यात गुंडाळतात आणि शेक देतात. मीही दिला. आधी तळव्याला, मग पोटरीखाली.

"चटका बसी राह्यना का, आबा?"

"नही रे भाऊ. आखो ठेव."

मी आणखी ठेवली. पायातली जाणीवच गेली होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. फडकं करपल्याचा वास आला तेव्हा कुठे वीट काढली. पोटरीवर लाल पट्टा उठला होता, तळव्याला मोठा फोड. फोड फुटला, चिघळला आणि पंधरा दिवसांत बोटं काळी पडली.

धुळ्याच्या दवाखान्यात सर्जननी विचारलं, "जखम कशानं झाली?"

"बूट चावला," मी म्हणालो. मुलानंच बापाचा पाय जाळला, हे चार लोकांसमोर ऐकायची मला भीती वाटली.

पाय कापावा लागणार हे तपासण्यांनंतर नक्की झालं. कुठून कापायचा, एवढंच ठरायचं होतं. तिसऱ्या दिवशी सर्जन आबांच्या कॉटजवळ आले आणि मला समजावू लागले.

"गुडघा राहिला तर कृत्रिम पाय लावून हे चालतील. गुडघा गेला तर या वयात बहुतेक खुर्चीच. पण जिथं रक्त पोचत नाही तिथं कापलं तर जखम भरत नाही, पुन्हा वर कापावं लागतं. गुडघ्याखाली कापताना आम्ही मागची पोटरी पुढे वळवून हाड झाकतो. यांच्या पोटरीवर मात्र हा काळपट डाग आहे. तिथंही रक्त नसावं. मला गुडघ्याच्या वर जावं लागेल. इथं सही करा."

मी पेन हातात घेतलं. सही केली असती तर कुणालाच काही कळलं नसतं. आबा माझ्याकडेच बघत होते.

"तो डाग विटेचा आहे," मी म्हणालो. "मी शेक दिला होता. बुटाचं खोटं सांगितलं."

"आणि हे आज सांगताय?" सर्जन तोडून बोलले. मग त्यांनी पोटरी दाबून पाहिली, रक्त वाहण्याचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र तिच्यावर फिरवलं. बराच वेळ नुसती खरखर येत होती. शेवटी क्षीण फसफस ऐकू आली.

"कातडी भाजलीय, पण आतल्या मांसात रक्त आहे. गुडघ्याखालीच कापतो, आणि मागून न घेता दोन्ही बाजूंची कातडी घेऊन हाड झाकून बघतो. खात्री देत नाही."

ते गेल्यावर आबा म्हणाले, "माले बी वास उना व्हता. तू सांगशी म्हनीसन चूप व्हतू. तीन दिन लागी ग्यात तुले, जवान!" आणि हसले. मला हसता आलं नाही.

पाय गुडघ्याखाली कापला. पाचव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

"पाय मना कापा, अन् तोंड तू फिरावस? देख."

मी पाहिलं. टाके जुळले होते, फक्त एका कोपऱ्यात नखाएवढं काळं होतं. "एवढंच राहिलं तर भरेल," सर्जन म्हणाले. "वाढलं तर वर जावं लागेल."

आता दर दोन दिवसांनी पट्टी बदलतात. माझी नजर आधी त्या कोपऱ्यावर जाते. आबांना तिथलं दिसत नाही. ते विचारतात, "काय शे?"

"काळं शे, आबा," मी सांगतो. "परवाइतकंच शे."