बारा मात्रा आणि एक डुलकी

मास्तरांना चाळीस वर्षांपूर्वी विजारी शिवून दिलेल्या गिऱ्हाइकांच्या कंबरा अजून तोंडपाठ होत्या. आठवत नव्हतं ते फ्लेमेन्को, गिटारवरचं स्पॅनिश संगीत.

त्यांनी जन्मभर शिवणकाम केलं आणि पस्तिशीत गिटारचं वेड लागलं ते कायमचं. एका बोटीवरच्या इलेक्ट्रिशियनने दोन महिने सुट्टीत शिकवलं, उरलेलं कॅसेट घासून घासून काढलं. उजव्या हाताची नखं वाढवलेला टेलर बघून लोक हसायचे. मास्तर मान वर न करता काजं करत राहायचे. अशा एकवीस रचना त्यांनी कमावल्या होत्या.

एकाहत्तराव्या वर्षी, मेहुणीकडे जेवायला गेले असताना, सोलेआ वाजवताना घात झाला. सोलेआ म्हणजे बारा मात्रांच्या आवर्तनात बांधलेला संथ, गंभीर प्रकार. दुसरा तुकडा संपला आणि तिसऱ्याच्या जागी डोक्यात नुसता पांढरा कागद. मास्तरांनी दुसराच पुन्हा वाजवला. मग पुन्हा. चौथ्या खेपेला मेहुणी म्हणाली, "फार गोड आहे हो. जरा लांबलंय, एवढंच."

घरी आल्यावर मास्तरांनी भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्या. त्या वाचायला चष्मा लागे, आणि तो शोधेपर्यंत सूर हातचा जाई.

एका सकाळी ते पुन्हा तिथेच अडले, तेव्हा भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "आता ते जिना उतरल्यासारखं येतं ना?"

"काय?"

"जिना उतरल्यासारखं. मग मांजर दबकत जातं, ते."

मास्तरांची बोटं आपोआप जिना उतरली. त्यांना आनंद झाला आणि रागही आला. "आयुष्यात कधी बरं वाजवलं म्हणाली नाहीस, आणि नावं ठेवून बसलीस?"

"एकवीस रचना पस्तीस वर्षं कानावर आदळल्या. काहीतरी म्हणायला नको का त्यांना?"

त्या दिवशी त्यांनी मुकाट्याने वही काढली आणि ती सांगेल ती नावं लिहून घेतली. 'कुकरची शिट्टी' लिहिताना मात्र हात जड झाला.

पुढे वाचनालयात दुपारचा कार्यक्रम ठरला. तीसेक माणसं, करकरणाऱ्या खुर्च्या. अडलंच तर नुसत्या ओठांनी नाव सांगायचं, असं बजावून मास्तरांनी बायकोला पहिल्या रांगेत बसवलं होतं. दोन रचना झकास झाल्या. सोलेआत नेमका तोच पांढरा कागद आला. मास्तरांनी आशेने समोर पाहिलं. बायको मान एका बाजूला टाकून गाढ झोपली होती.

आता काय करता? थांबले तर शोभा. त्यांनी पायाने ठेका धरला आणि नुसती बारा मात्रांची आवर्तनं वाजवत राहिले. एक, दोन, तीन. चौथ्याला बोटांनी आपल्या मनाने भलत्याच सोलेआतला एक तुकडा उचलला. तो बेमालूम बसला. कुणाला काही कळलं नाही. मास्तरांना मात्र पंचविशीत आपण शिवलेला पहिला कोट गिऱ्हाइकाच्या अंगात बरोबर बसला होता तेव्हासारखं वाटलं.

टाळ्यांनी बायको जागी झाली. "मस्त झालं!"

"झोपली होतीस तू."

"हो मग. चुकलात की मला जाग येते. नाही आली, म्हणजे चुकला नाहीत."

तेवढ्यात वाचनालयाच्या बाई आल्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा याल का म्हणाल्या. मास्तर घसा खाकरून "बघतो, तब्येत कशी..." म्हणायच्या आत बायकोने तारीखही ठरवून टाकली.

त्या आठवड्यात मास्तरांनी वहीतल्या एकवीसपैकी नऊ रचनांवर काट मारली. उरलेल्या बारांमध्ये तुकडे हवे तसे इकडचे तिकडे लावायला ते आता बिचकत नाहीत. उलट कुणी विचारलं, तर मुद्दाम बसवलंय म्हणून सांगतात.