कोतवालीपुरते लिहिलेले स्वगत

स्वगतसंग्रहपरीक्षक, नटशिक्षाधुरंधर, चिक्कडपल्लीनाट्यमंडळभूषण अशा अस्मादिकांवर आज साक्षात वज्रपात झाला!

नटांच्या अभ्यासार्थ आम्ही निजामी अमलातील, विलीनीकरणापूर्वीच्या नाटकांतील स्वगतांचा संग्रह निवडला आणि महिनाभर त्यातले कृष्णाचे स्वगत घोटून घेतले.

आज मंडळाचे पंच्याण्णव वर्षांचे नट दिगंबरकाका ते ऐकून खो-खो हसले. "अरे बाबा, हे कोतवालीची, म्हणजे निजामाच्या पोलिसांची, परवानगी मिळावी म्हणून लिहिलेलं! रंगमंचावर आम्ही भलतंच बोलायचो. ते कागदावर कधी उतरवलंच नाही."

आणि काका ते खरे, स्वातंत्र्याचे स्वगत बोलू लागले. सर्वांगावर काटा आला. ध्वनिमुद्रणार्थ मोबाइल काढला, तर तो या व्हॉट्सअ‍ॅप समूहावरील तुमच्या सुप्रभातीय गुलाबपुष्पांनी काठोकाठ भरलेला!

"काका, पुन्हा एकदा?"

"हौ, उद्या आठवलं तर."

सज्जनहो, ही पुष्पे एकदम पुसायची कशी?