बरडावरची नऊ इंच माती

धुळ्याच्या बसस्टँडवर मुंबईची गाडी लागली तेव्हा आबा कंडक्टरशी हुज्जत घालत होते. पोरगी परदेशात चालली आहे, तिची बॅग तिच्याजवळच राहू द्या, हा त्यांचा हट्ट. मी खिडकीशी बसल्यावर ते खालून म्हणाले, "माय, तठे जाईसन करशी काय?"

"माती तपासेन, आबा."

"माती आठे कमी शे का?"

याला आठ वर्षं झाली. मी दक्षिण स्पेनमध्ये राहते, ऑलिव्हच्या डोंगरउतारांवर खड्डे घेते आणि थरांची नोंद करते. माती बाटलीतल्या पाण्यानं ओली करायची, बोटांत चोळायची, रंगांच्या पुस्तकाशी ताडून पाहायची. इथला उन्हाळा कोरडा ठणठणीत, पाऊस पडतो तो हिवाळ्यात. तेव्हा झाडं गारठलेली असतात, पाणी फारसं पीत नाहीत. ते खोल मुरतं आणि वरचा चुना हळूहळू खाली नेतं. पण उतारावरच्या मातीला त्यातून पुरती घडायला सवड मिळालेली नसते. रंग जरा तांबूस होतो, ढेकळं धरू लागतात, एवढंच. खाली चिकणमातीचा वेगळा थर साचलेला नसतो. अशा तरुण मातीला आमच्या वर्गीकरणात झेरेप्ट म्हणतात.

गावाकडच्या आमच्या बरडाची, म्हणजे उतारावरच्या हलक्या शेताची, मातीही अशीच तरुण. फरक पावसाचा. आपल्याकडे उन्हाळा तापला की त्याच्या पाठोपाठ पाऊस येतो आणि हिवाळा कोरडा जातो, म्हणून तिचं नाव उस्टेप्ट. हे मी घरी दहा वेळा तरी सांगितलं असेल. दर वेळी मोठा भाऊ, प्रकाशभाऊ, फोनवर हसतो. "तू सगळ्या दुनियेच्या मातीला नावं ठेवतेस आणि त्याचा पगार घेतेस!" हा विनोद पहिल्यांदा बरा होता.

दोन वर्षांपूर्वी त्यानं बरड सपाट करायचं ठरवलं. ठिबक टाकायचं, कापूस लावायचा. उतारावर पाणी सारखं बसत नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण कॉलेजात असताना मी त्याच बरडात खड्डा घेतला होता. वर नऊ इंच माती, खाली नुसता मुरूम. मी फोन केला, मग मेसेज केला, मग कागदावर चित्र काढून त्याचा फोटो पाठवला. आधी वरची माती खरवडून बांधाला ढीग घाला, मग मुरूम सपाट करा, शेवटी तीच माती वर पसरा. अगदी पहिलीतल्या पोराला समजेल असं.

"दोनदा जेसीबी कोण फिरवणार?" भाऊ म्हणाला. "तू तिकडून शेती शिकवू नकोस."

एका दिवसात काम उरकलं. वरच्या अंगाची माती खालच्या अंगाला गेली आणि तिच्यावर मुरमाचा थर बसला. भावानं व्हिडिओ पाठवला, शेत क्रिकेटच्या मैदानासारखं दिसत होतं. खाली घरच्या ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे. मी दोन दिवस फोन उचलला नाही.

त्या पावसाळ्यात वरच्या अंगाला कापूस उगवलाच नाही म्हणायचा, खालच्या अंगाला गुडघ्याच्या वर गेला नाही.

पुढच्या मे महिन्यात मी घरी गेले. मला भांडायचंच होतं. विमानात बसल्यापासून वाक्यं जुळवत होते. सकाळी आबा, भाऊ आणि मी बरडावर उभे राहिलो. आबांनी काठीनं मुरूम टोकरला आणि विचारलं, "आत्ते इनं नाव काय शे?"

"एन्टिसॉल," मी म्हटलं. "जिच्यात अजून काहीच घडलेलं नाही अशी माती. आपल्या कित्येक पिढ्यांआधी ती जिथं होती तिथं आपण तिला एका दिवसात नेऊन ठेवलं."

आबा खाली बसले. "मना आजानी बांध घालीसन हाई माती धरी ठेवी व्हती," ते एवढंच म्हणाले. माझी जुळवलेली सगळी वाक्यं तिथंच राहिली.

मग भावानं पहिल्यांदा विचारलं, "आता काय करायचं ते सांग." आम्ही खालच्या अंगाला तीन खड्डे घेतले. पुरलेली माती दीड-दोन फुटांवर सापडली. ती उकरून वर न्यायला ट्रॅक्टरला अकरा दिवस लागले, आणि तरी सगळी हाती आली नाही. गावतळ्याचा गाळ घातला, हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून गाडला. यंदा वरच्या अंगाला तूर उभी आहे. विरळ आहे, पण आहे.

तेव्हापासून भावाचे फोन वाढलेत. मी खड्ड्यात उतरलेली असते, हात मातीनं भरलेले, आणि हा विचारतो, शेणखत आधी टाकू की नांगरट आधी करू? मी चिडून सांगते, तो निम्मंच ऐकतो, आणि मी पुन्हा चिडते.

माझ्यासारखे गाव सोडून गेलेले लोक विचारतात, आता घर कुठलं? इथल्या डोंगरावर कुणी जेसीबी चुकीचा फिरवला तर मी अहवाल लिहिते आणि जेवायला बसते. तिकडे फिरवला तर घास उतरत नाही. म्हणजे घर तिकडेच असणार. त्याचाही मला रागच येतो.